वळणापलीकडचा विल्किन

आमच्या बाराओना गावात मोटरसायकलवरून गिऱ्हाइकं नेणारे पुष्कळ आहेत, पण एलिहिओइतका सावकाश चालवणारा दुसरा नाही. त्यांच्या थांब्याशेजारी माझी तळणीची गाडी आहे. कच्च्या केळ्याचे काप तळता तळता मला सगळ्यांची अंडीपिल्ली कळतात. "याच्या मागं बसण्यापेक्षा गाढव बरं, ते निदान माशी चावली की पळतं," असं विल्किन म्हणायचा.

विल्किन म्हणजे एलिहिओचा जिवलग. दोघं पाराईसो गावाची भाडी घेऊन समुद्राकाठच्या रस्त्यानं निघाले, की विल्किन सुसाट पुढं. मग मोठ्या वळणापलीकडे बदामाखाली गाडी लावून या गोगलगायीची वाट बघत बसायचा. मागचं गिऱ्हाईक शिव्या घालायचं, पण एलिहिओ दिसेपर्यंत पठ्ठ्या हलायचा नाही.

गेल्या वर्षी त्याच वळणावर समोरून वाळूचा ट्रक आला. विल्किन जागच्या जागी गेला. एलिहिओ तेव्हा थांब्यावर पंक्चर काढत बसला होता.

तेव्हापासून त्यानं तो रस्ता सोडला. पाराईसोचं गिऱ्हाईक आलं की रांगेतला आपला नंबर दुसऱ्याला देऊन मोकळा. पोरं म्हणायची, भ्यायला. एकदा मीच खडसावलं, "अरे, असं किती दिवस पोटाला चिमटा घेशील?"

"भीती नाही हो, दोन्या चेंचा," तो म्हणाला; थांब्यावर मला सगळे मानानं अशीच हाक मारतात. "मी ते वळण घेत नाही, तोवर तो तिथं बसलाय. मी गेलो आणि झाडाखाली कुणीच नसलं तर?"

ऐकता ऐकता कढईतले काप करपले.

आमच्यात वर्ष भरलं की प्रार्थना होते, घरचे शोकाचे काळे कपडे उतरवतात, आणि थांब्यावरची पोरं हॉर्नचा धिंगाणा करत अपघाताच्या जागेवरच्या क्रुसापाशी जातात. सगळ्यांत पुढं जिवलगानं असायचं, ही रीत. विल्किनच्या आईनं एलिहिओला निरोप धाडला, "तू नाही आलास, तर मी काळं उतरवणार नाही." म्हातारीनं चांगलाच पेच टाकला.

तो आला. मी त्याच्याच मागं बसले होते. वळणाच्या तोंडाशी त्यानं इंजिन बंद केलं, मला उतरवलं आणि गाडी ढकलत चालू लागला.

"पेट्रोल संपलं का रे?" मागून थांब्यावरचा कुको ओरडला. मी असं वळून पाहिलं, की त्याची वाचाच बसली. मग एकेकानं आपापली गाडी बंद केली आणि सगळे ढकलत निघाले. इतक्या वर्षांत त्या वळणावर मला पहिल्यांदाच समुद्र ऐकू आला.

क्रूस आला. एलिहिओ थांबला नाही, थेट झाडापर्यंत गेला. खाली पिकलेले बदाम पडले होते, बाकी कुणी नव्हतं. तो मटकन बसला आणि लहान पोरासारखा मोठ्यानं रडला. मलाही राहवलं नाही. विल्किनच्या आईनं डोक्याचा काळा रुमाल सोडला आणि त्यानंच एलिहिओचे डोळे पुसले.

प्रार्थना झाली, सगळे परत निघाले. कुकोनं हाक मारली, "चल की रे, उशीर होतोय."

"तुम्ही व्हा पुढं," एलिहिओ म्हणाला. "त्यानं माझी इतकी वाट बघितली. आज मी थोडा वेळ त्याची बघतो."