गादीची वाटी

दरोगासाहेबांच्या घरी गोठवलेला पदार्थ वितळायला लागल्याशिवाय कोणी खात नसे. ज्यांना हे ठाऊक नसे ते पहिल्या भेटीत चमचा उचलत आणि दरोगासाहेबांकडे लक्ष गेलं की मुकाट्याने खाली ठेवत.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नई सडकेच्या मागच्या गल्लीत आम्ही शेजारी होतो. मी शाळेत इतिहास शिकवायचो, म्हणजे जे संपलं त्यावर माझं पोट चालायचं. दरोगासाहेब जे संपत आलं होतं त्यात नोकरीला होते. ते संस्थानच्या बर्फखान्याचे दरोगा. राजवाड्यातल्या मेजवान्या, दौरे, शिकारीचे तळ, जिथे जिथे हुजूर तिथे तिथे बर्फ पोहोचवायचा ही त्यांची कामगिरी. आजोबा दख्खनेतून तलवार घेऊन आले, वडिलांच्या हाती पागेतला चाबूक आला आणि यांच्या हाती बर्फ फोडायचा टोचा. ग्वाल्हेरच्या बहुतेक मराठी घराण्यांचा इतिहास असा एका वाक्यात बसतो.

घरी ते जो पदार्थ करत त्याला ते शाही बर्फ म्हणत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याला गोठलेलं दही म्हणत आणि तेच खरं होतं. दही रात्रभर फडक्यात टांगायचं, चक्का साखर घालून फेटायचा, त्यात मोसमातलं फळ कुस्करायचं. उन्हाळ्यात आंबा किंवा फालसा, थंडीत अमरूद, म्हणजे पेरू. मग ते पत्र्याच्या निमुळत्या साच्यांत भरून साचे लाकडी बादलीत उभे करायचे आणि भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ. अर्ध्या तासाने साचा वाटीत उपडा केला की देवळाच्या शिखरासारखं टोकदार दही उभं राही. कोणत्याही घरात होईल असा हा पदार्थ, पण दरोगासाहेब तो करताना डोक्यावर पगडी घालत. एकदा मी कारण विचारलं. ते म्हणाले, "मास्तर, बोडक्या डोक्याने चटणी वाटतात."

खरा सोहळा पुढे. राजवाड्यात पहिली वाटी हुजुरांपुढे जाई आणि त्यांनी चमचा लावल्याशिवाय पंगतीत कोणी हात हलवत नसे. घरी हुजूर नसत, म्हणून बैठकीत भिंतीला टेकून एक रिकामी खुर्ची असे. पहिली वाटी तिच्यापुढच्या तिवईवर ठेवायची. सगळ्यांच्या हातांत वाट्या, सगळ्यांचे डोळे तिवईवर. शिखराचं टोक वितळून झुकलं की दरोगासाहेब गंभीरपणे म्हणत, "घेतलं." मग आम्ही खायचो. ग्वाल्हेरच्या जेठातल्या उन्हाळ्यात हे दोन मिनिटांत आटपे. तरी आमच्या वाट्यांतही तोवर बर्फ कमी आणि दही जास्त झालेलं असे. काकू म्हणायच्या, "एवढं गोठवायचं ते कशाला, वितळायची वाट बघायला?"

मग संस्थान विलीन झालं. मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं आणि त्याने हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला राहायचं ठरवलं. रुसवे काढायला दोन माहेरं वाटून घ्यावीत तसं. एकेक जुनं खातं तपासून ठेवायचं की मोडायचं हे ठरू लागलं. हत्तीखाना गेला, नगारखाना गेला. दरोगासाहेबांना मात्र खात्री होती. राज्य कोणाचंही असो, उकडणारच, असं ते म्हणत. सरकार उन्हाळ्यात इंदूरला असणार ही गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती आणि ती सांगायचं काम कोणी अंगावर घेतलं नाही. बर्फखाना गेला तर ते कोण उरणार होते? दरोगा हे त्यांचं नुसतं हुद्द्याचं नाव नव्हतं. आम्हाला दुसरं ठाऊकच नव्हतं.

बर्फखाना तपासायला नवे साहेब आले ते ऐन माघात. बाहेरगावचे, खादीचा बंद गळ्याचा कोट, बोलणं सौम्य. तपासणीनंतर दरोगासाहेबांनी त्यांना घरी बोलावलं. खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून मलाही. सकाळपासून बादलीजवळ पगडी हलत होती. आयुष्यभराचं कसब एका वाटीत दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी मीठ दुप्पट घातलं. काकूंनी टोकलं, "अहो, थंडी आहे. दगड होईल." ते म्हणाले, "होऊ दे."

तसंच झालं. इतकी रेखीव शिखरं मी त्या घरात कधी पाहिली नव्हती. पहिली वाटी तिवईवर गेली, दुसरी साहेबांच्या हातात. साहेबांनी चमचा उचलला आणि रिवाजाप्रमाणे खाली ठेवला. आम्ही टोकाकडे पाहत बसलो. टोक तसूभर हललं नाही. चर्चा हवेवर गेली, अमरूदांवर गेली, संपली. साहेबांनी मफलर सारखा केला.

"दरोगाजी, ये खाने के लिए है या दर्शन के लिए?"

"बस ज़रा-सा, हुज़ूर. पहली कटोरी गद्दी की है."

"गद्दी तो अब रही नहीं."

दरोगासाहेब म्हणाले, "कटोरी तो है, हुज़ूर."

साहेब हसले. त्या हसण्यात कुत्सितपणा नव्हता. माणूस वाईट नव्हता, त्याला घाई होती, आणि नव्या राज्यात घाई हा सद्गुण समजला जाई. घड्याळ पाहून त्यांनी हात जोडले, न चाखलेली वाटी ठेवली आणि निघाले. जीप गेल्यावर बऱ्याच वेळाने ते टोक झुकलं. दरोगासाहेब म्हणाले, "घेतलं." मग आम्ही तिघांनी कुडकुडत खाल्लं. इतका चांगला शाही बर्फ त्यांनी ना आधी केला होता, ना नंतर केला.

होळीच्या आधी बर्फखान्याला कुलूप लागलं. साहेबांनी चव घेतली असती तर ते लागलं नसतं, असं दरोगासाहेब पुढे सांगत. मी मान डोलवायचो. हत्तीखाना मोडताना हत्तींना कोणी चाखून पाहिलं नव्हतं.

पुढे मध्यभारतही मोडलं. राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागोमाग निम्मा गाव. रोज कोणाचं तरी सामान टांग्यावर चढे. माझीही बदली झाली. निघायच्या दुपारी काकूंनी हाक मारली. बैठकीत पाहिलं तर भिंतीजवळची खुर्ची नव्हती, तिवईवर औषधाच्या बाटल्या होत्या. दरोगासाहेब बोडक्या डोक्याने बादलीपाशी बसले होते. सीताफळाचे दिवस होते. त्यांनी साचा उपडा केला आणि वाटी सरळ माझ्या हातात दिली.

"पहिली वाटी?" मी विचारलं.

"हीच. खा."

मी मोठा चमचा भरून तोंडात घातला. दात ठणकले, जीभ बधिर झाली. सीताफळ लागलं नाही, दही लागलं नाही.

"कसं झालंय?"

"गार," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी दुसरा चमचा घेतला नाही. वाटी मांडीवर धरून टोकाकडे पाहत बसलो. दरोगासाहेबांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी तोंड फिरवलं.

"उपयोग नाही, मास्तर," ते म्हणाले. "खाऊन टाका. गाडी चुकेल."