नानांच्या गाडीला चीक लागू नये म्हणून

केळीच्या धंद्यात दोन गोष्टी कुणी न मागता साठत जातात. एक म्हणजे कपड्यांवरचे चिकाचे डाग आणि दुसरे किस्से. डाग कुठल्याच साबणाने जात नाहीत, म्हणून मी बागेत घालायचे शर्ट वेगळे ठेवलेत. किस्स्यांचं तसं करता येत नाही. आमच्या पॅकहाउसमध्ये चहा आला की कुणीतरी एक काढतो, आणि माझं डोकं तापतं. कारण गेल्या वर्षभरातले सगळे किस्से एकाच गाडीचे आहेत!

आधी माणसं सांगतो. चोपड्याजवळ आम्ही तिघं भागीदार केळी कापून, धुऊन, पेट्यांत भरून परदेशी पाठवतो. सौदे ठरवतात नाना, आमच्यातले सगळ्यांत मोठे. ट्रक, पिकअप आणि पेट्या रफिकभाईंकडे. बागा बघायच्या आणि माल कापून घ्यायचा, ते माझ्याकडे.

आणि खरं काम करते ती सुमनअक्काची टोळी. अक्का साठीच्या पुढची. परदेशी जाणाऱ्या केळीला नखाचा ओरखडा जरी उठला तरी ती बाद होते, म्हणून अक्का रोज सकाळी बारा जणांची नखं तपासते. घड खांद्यावर घ्यायच्या आधी खांद्यावर गादी आहे का बघते. कुणी घड जमिनीला टेकवला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. फळाला डाग नको म्हणून सगळा चीक ही माणसं स्वतःच्या हातांवर घेतात. अक्काचे तळवे वर्षानुवर्षं काळे आहेत.

पूर्वी आमच्याकडे एक जुनी जीप होती. तिचं डावं दार दोरीने बांधावं लागायचं, पण ती कुठेही जायची. अक्काचे गुडघे धरलेले, म्हणून पुढची सीट तिची. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण नानासुद्धा मागे बसायचे.

*

मग नानांच्या डोक्यात मोठी गाडी शिरली. म्हणणं असं की बागांचे रस्ते खराब, नाले आडवे, तेव्हा चारही चाकांना ताकद असलेली दणकट गाडी पाहिजे. आणि नव्या साध्या गाडीच्या पैशांत जुनी आलिशान गाडी येते. इथपर्यंत मलाही पटलं होतं, हे कबूल करतो.

आम्ही तिघं धुळ्याला गेलो. हायवेला लागून जुन्या गाड्यांचा एक एजंट होता. त्याने एक काळी, हत्तीएवढी परदेशी गाडी दाखवली. म्हणाला, पुण्याच्या डॉक्टरची आहे, फक्त रविवारी बाहेर काढायचे. शेजारी पांढरी उभी होती. तीही डॉक्टरची. मी मुद्दाम कोपऱ्यातल्या धुळकट गाडीकडे बोट केलं, तर ती डॉक्टरांच्या मिसेसची निघाली! इतके डॉक्टर आहेत तर आमच्या तालुक्याला एक का मिळत नाही, असं मला त्याला विचारायचं होतं.

रफिकभाईंनी शांतपणे विचारलं, "डॉक्टर लोक सोमवारी पायी जातात का?"

एजंट हसला नाही. त्याने काळ्या गाडीचं दार उघडलं. आत सीटा सायीच्या रंगाच्या, चामड्याच्या. मी नानांना म्हटलं, केळीच्या धंद्याला हा रंग? नानांनी सीटवरून हळूच हात फिरवला. वीस वर्षांत केळीच्या घडावरून त्यांना असा हात फिरवताना मी पाहिलेलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी जीप भंगारात दिली, आम्हाला न विचारता.

*

गाडी आली आणि तिचं रक्षण सुरू झालं. आधी नानांनी गाडीच्या अंगावर कसलंतरी लेपन करून घेतलं, ओरखडा उठू नये म्हणून. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरकडे गाडी नेली. त्याने पोटाखाली जाड लोखंडी पत्रा मारला, दगड लागू नये म्हणून. आणि तोंडासमोर पाइपांचा भला मोठा गार्ड बसवला, म्हैस लागू नये म्हणून.

आता त्या गाडीला समोर काही आलं की शिट्टी मारून सांगायची सवय. गार्ड तिच्या नाकासमोरच! त्यामुळे वेग जरा कमी झाला की ती ओरडायला लागायची. प्रत्येक स्पीडब्रेकरला, प्रत्येक चौकात, प्रत्येक बैलगाडीमागे. घरी पोचेपर्यंत नानांनी एकदाही मान्य केलं नाही की आवाज येतोय.

रफिकभाई म्हणाले, "नाना, गाडी तुमच्या बंदोबस्तालाच घाबरतेय."

*

सीटांचं तर विचारूच नका. पहिल्या मालकाने कंपनीचं प्लास्टिक केव्हाच काढलेलं. नानांनी जळगावहून नवीन प्लास्टिक आणून चढवलं! जुन्या गाडीला नवं प्लास्टिक घालणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. प्लास्टिकवर कापडी कव्हर, कव्हरवर टर्किशचा टॉवेल. एप्रिलमध्ये त्या सीटवर बसलं की खालून माणूस उकडायचा आणि वरून एसीने गारठायचा.

त्यात एक दिवस समोर लाल दिवा लागला. चोपड्याच्या मिस्त्रीने बोनेट उघडलं, पाच मिनिटं बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

"यामा पाना घालाले जागाच नही, भाऊ," तो मला म्हणाला आणि बोनेट मिटलं.

गाडी नाशिकला गेली आणि बारा दिवस तिथेच राहिली. तेवढे दिवस नाना माझ्या मोटारसायकलच्या मागे बसून बागा फिरले. खरं सांगायचं तर वर्षभरातलं सगळ्यांत चांगलं काम त्या बारा दिवसांत झालं.

*

आता ज्याच्यामुळे मला रात्री जेवण गेलं नाही, ते सांगतो.

गाडी कामाला आली त्या पहिल्या दिवशी कापणी आटोपली, टोळी रस्त्यावर आली. गाडी रस्त्यावरच होती, कारण नाना तिला डांबराच्या खाली उतरवतच नसत. नाल्यातून जायला घेतलेली गाडी! ती डांबरावर उभी राहायची आणि आम्ही किलोमीटरभर पायी बागेत जायचो.

अक्का सवयीने पुढच्या दाराशी आली आणि तिने हात पुढे केला.

नाना म्हणाले, "अक्का, हातले चीक लागेल शे ना? गाडीले डाग पडी जाई."

अक्काने हात मागे घेतला. रफिकभाईंची पिकअप मागे उभी होती, घड भरलेली. दोघींनी खालून उचललं, दोघांनी वरून ओढलं, तेव्हा ती त्यात चढली. मी हे नुसतं बघत उभा राहिलो. याचा राग मला नानांपेक्षा स्वतःचा जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी बोललो. नाना म्हणाले, अरे भाऊ, ते चामडं आहे, एकदा डाग पडला की गेलं. मी म्हटलं, आणि अक्काचे गुडघे? तेवढ्यात त्यांना फोन आला. मला तर वाटतं, तो फोन आलाच नव्हता.

मग नियमच झाला. बागेतून आलेला माणूस गाडीत बसणार नाही. केळीवाल्याची गाडी, आणि बागेतून न आलेला माणूस आणायचा कुठून? मी मोटारसायकलवर, टोळी पिकअपमध्ये, आणि पुढे नाना एकटे, राजासारखे, शिट्ट्या ऐकत.

महिनाभराने अक्का विळा धारेला लावत बसली होती. मान वर न करता मला म्हणाली की रावेरकडचा एक व्यापारी टोळीला बोलावतोय. हा हंगाम संपला की तिकडे जाईन म्हणते.

मी विचारलं, तिथे मजुरी जास्त आहे का?

"मजुरी तेवढीच शे," ती म्हणाली. "पण तठे गाडी जुनी शे, भाऊ."

मी हे नानांना सांगितलं. ते म्हणाले, एवढ्यासाठी कुणी जातं का? अक्काची टोळी गेली तर आमचा निम्मा माल ओरखड्यांनी बाद होईल, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी त्या दिवशीसुद्धा ते फडक्याने आरसा पुसत होते.

*

याच्यावर कडी झाली साक्रीला. नानांच्या भाच्याचं लग्न होतं. मागायच्या आधीच नानांनी गाडी देऊन टाकली. आणि लग्नासाठी टॉवेल काढला, कव्हर काढलं, ते लाडकं प्लास्टिकसुद्धा काढलं! पाहुण्यांना चामडं दिसायला नको का?

नवरदेवाला पुढेच बसायचं होतं, व्हिडिओत चेहरा यावा म्हणून. अंगाला सकाळची हळद. चार तासांत पुढच्या सीटवर, पाठीच्या जागी, हातभर पिवळा डाग. मी म्हटलं, आता नानांना काहीतरी होणार. मी पाणी आणायच्या तयारीत होतो.

नानांनी डाग पाहिला आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायला लागले. म्हणाले, "असू दे, असू दे. हळद शुभ असते."

हळद शुभ! आणि ज्याच्यावर तुमच्या घरातली चूल पेटते तो चीक अशुभ? मी जेवणाच्या पंगतीतून उठून बाहेर गेलो. रफिकभाई माझ्यामागे आले आणि म्हणाले, जिलेबी चांगली आहे, ती तरी खाऊन जा. मी खाल्ली, पण राग उतरला नाही. घरी आल्यावर नानांनी पुन्हा प्लास्टिक, कव्हर, टॉवेल असं सगळं चढवलं.

*

हंगाम संपायला चार-पाच बागा राहिल्या होत्या. मुंबईहून माल घेणाऱ्या कंपनीचे साहेब कापणी बघायला आले. त्यांच्या पायात चकचकीत बूट. त्या बुटांना माती लागू नये म्हणून नानांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी डांबराच्या खाली उतरवली.

त्या बागेत सकाळी ठिबकची मोठी नळी फुटली होती. मी हात हलवून ओरडलो, पण काचा बंद, एसी चालू. आमची काळी माती भिजली की कुणाचं ऐकत नाही. गाडी दहा पावलं आत आली आणि बसली. चारही चाकं फिरत होती, वेल्डरचा पत्रा चिखलात रुतला होता, गार्ड पाहून ती शिट्ट्या मारत होती. मागे घ्यायला गेले तर आणखी खाली गेली.

बागेत यायला-जायला तेवढीच वाट. पलीकडे कापलेल्या घडांनी भरलेली पिकअप अडकली, आणि वर दुपारचं ऊन. ज्याची बाग तो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन बाजाराला गेलेला.

नाना खाली उतरले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पाय घोट्यापर्यंत चिखलात. त्यांनी टोळीला हाक मारली, या रे सगळे, हात लावा.

बारा माणसं जागची हलली नाहीत. सगळी अक्काकडे बघत होती.

अक्का केळीच्या सावलीत उभी होती. तिने दोन्ही तळवे वर करून नानांना दाखवले.

"नाना, बठ्ठासना हातले चीक लागेल शे," ती सगळ्यांच्या वतीने म्हणाली. "गाडीले डाग पडी जाई."

आवाजात राग नव्हता. टोळीतल्या एकेकाने हात पाठीमागे घेतले. साहेब आत बसून काचेतून बघत होते. रफिकभाई आकाशाकडे बघायला लागले. मी वर्षभर वाट पाहिली होती, आणि आता मला नानांकडे बघवत नव्हतं.

 नाना चिखलातून फिरून गाडीच्या डाव्या बाजूला गेले. त्यांनी साहेबांना हात धरून उतरवलं, बुटांसकट. सीटवरचा टॉवेल काढून चिखलात टाकला. कव्हर ओढून काढलं. प्लास्टिक निघेना, तेव्हा ते दोन्ही हातांनी फाडलं. आतून सायीच्या रंगाचं चामडं आणि त्यावरची हळद दिसायला लागली.

"बस, अक्का," नाना म्हणाले.

अक्का सावकाश आली. पाय पुसले नाहीत. माझा हात धरून चढली, बसली, आणि दोन्ही तळवे दोन बाजूंना सीटवर टेकवले. रफिकभाई स्टिअरिंगवर जाऊन बसले. अक्काने काच खाली घ्यायला लावली आणि टोळीकडे पाहिलं.

"आते ढकला रे बठ्ठा."

मग मान वळवून म्हणाली, "नाना, तुम्ही बी."