मागची टाच

ज्या माणसाने माझ्या नवऱ्याची एक पँट द्यायला सात आठवडे लावले, त्याच माणसाने मला वेग म्हणजे काय ते शिकवले. तासगावात यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यांचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. आमच्या शिंपी मास्तरांचा 'परवा' साऱ्या बाजारपेठेला ठाऊक होता. जाणते लोक लग्न ठरायच्या आधीच त्यांच्याकडे कापड टाकून यायचे. आमचे मेडिकलचे दुकान त्यांच्यापासून चार दुकाने सोडून. मी दर दोन दिवसांनी चक्कर मारायची आणि ते तोंडातली टाचणी काढून गंभीरपणे सांगायचे, "ताई, परवा शंभर टक्के." कुठला परवा, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

सातव्या आठवड्यात मी भांडायच्या तयारीने गेले तर मशीनवर कुणीच नाही. मागच्या पडद्याआडून काहीतरी घासल्याचा आणि आपटल्याचा आवाज येत होता. पडदा सारला तर हे पन्नाशी उलटलेले गृहस्थ अनवाणी, हातात बांबूची काठी घेऊन, खुंटीला टांगलेल्या एका पँटवर चालून जात होते. अगदी जवळ जाऊन काठी थांबवत, मागे येत आणि पुन्हा जात. पँट आमचीच होती. तिला अजून बटणे लागायची होती.

अशी माझी केंडोशी ओळख झाली. ही जपानी तलवारबाजी. तलवारीच्या जागी चार कामट्या बांधून केलेली काठी, अंगावर चिलखत, तोंडापुढे लोखंडी जाळी. ऐन उमेदीत मास्तर पुण्यात एका दुकानात कारागीर होते. तिथे एक जपानी इंजिनियर केंडोत घालायचा, उसवलेला घेरदार चुण्यांचा लेंगा घेऊन आला. मास्तरांना आधी वाटले, बायकोचा परकर आणलाय. त्यांनी तो एका दिवसात शिवून दिला (हे मी दोनदा विचारून खात्री करून घेतली), तेव्हा इंजिनियरने खूश होऊन त्यांना रविवारी सरावाला बोलावले. सात वर्षे ते दर रविवारी गेले. मग वडील वारले, तासगावचे दुकान अंगावर आले, आणि शिलाईच्या मशीनबरोबर दोन काठ्या आणि एक चिलखतही गावात आले.

शिंप्याला आपण मास्तर म्हणतोच, त्यामुळे त्यांना नवी पदवी द्यायची गरज पडली नाही. पण काठीच्या बाबतीत ती त्यांना टोचायची. "ह्यो क्लास न्हवं, सराव हाय," प्रत्येक नव्या माणसाला ते बजावायचे. "क्लास घ्यायला सेकंड दान पायजे." दान हा त्या खेळातला हुद्दा. पहिला त्यांच्याकडे होता. दुसऱ्या दानच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले होते, आणि कारण सांगायची तिथे रीत नाही. भिंतीवर यादी लागते, तीत आपला नंबर असतो किंवा नसतो. मास्तर पुण्याला दान घ्यायला जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात, यावर समोरच्या पानपट्टीवर वर्षभर विनोद चालायचे. मीही त्यात भर घातली आहे.

लवकरच मीही सरावाला जाऊ लागले. जागा म्हणजे एका शेठचे बेदाण्याचे गोडाऊन. हंगाम संपला की ते आम्हाला रविवारी सकाळी मिळायचे. केंडोत पाय उचलून चालायचे नसते, जमिनीवरून सरकवायचे असते. आमची जमीन वर्षानुवर्षे बेदाणे तुडवले जाऊन अशी चिकट झालेली, की सरकवलेला पाय तिथेच मुक्कामाला राहायचा. म्हणून आधी अर्धा तास गरम पाण्याने फरशी पुसणे. औषधे विकणारी मी, कडेगावकडचे एक निवृत्त फौजी आणि कॉलेजच्या दोन बहिणी, असे आम्ही चौघे गुडघ्यांवर बसून पुसायचो. फौजी म्हणायचे, मिल्ट्रीतही एवढी फरशी पुसली नाही. मास्तर म्हणायचे, म्हणूनच लवकर रिटायर केलं.

माझे हात भलतेच चपळ होते. दिवसभर खोक्यांतून गोळ्यांच्या पट्ट्या काढणारे हात ते. त्यामुळे पहिल्या महिन्यातच मी स्वतःला तलवारबाज समजू लागले. मग मास्तरांनी दोन फटक्यांची जोडी शिकवायला घेतली: आधी मनगट, लगेच डोके. माझा मनगटावरचा फटका असा बसायचा की फौजी मनापासून कळवळायचे. डोक्यावरचा मात्र दरवेळी वीतभर अलीकडे पडायचा. मी हात आणखी ताणायची, आणखी जोर लावायची, आणि आणखी अलीकडे पडायची. मास्तर हाताकडे बघतच नसत. ते माझ्या मागे उकिडवे बसून डावा पाय बघत.

"ताई, हात तासगावात पोचला," ते म्हणाले, "आन् मागचा पाय अजून सांगलीच्या स्टँडवर उभा हाय. एष्टीची वाट बगत."

सगळी मेख तिथेच होती. पहिल्या फटक्याला मी मोठ्ठी ढांग टाकायची. डावा पाय मागेच राहायचा, त्याची टाच टेकायची, आणि दुसऱ्या फटक्याला ढकलायला खाली काही उरायचेच नाही. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि फरशीवर खडूने रेघा मारल्या. पहिले पाऊल नऊ इंच, जास्त नाही. फटका बसतो न बसतो तोच मागचा पाय ओढून जवळ घ्यायचा. मग दुसरे पाऊल, हवे तेवढे लांब. डाव्या टाचेखालून कॉलरच्या बकरमचा कडक तुकडा सरकला पाहिजे. अडकला तर टाच टेकली. "पैल्या घासालाच पोट भरू नगा," असे त्यांचे म्हणणे. वेग हातात नसतो, मागचा पाय किती लवकर पुढच्याला येऊन मिळतो त्यात असतो, हे माझ्या डोक्यात शिरायला आठ महिने गेले. त्यांच्या वहीत माझे माप आहे, गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरेच्या रांगेत: पाऊल नऊ, चौदा.

त्यांची जीभ कुणालाही सोडायची नाही. रोजे चालू असताना घोटभर पाण्याशिवाय ते दोन तास उभे राहायचे आणि तरी टोमण्यांत कसूर नसे. दोघी बहिणींपैकी मोठीला ते म्हणायचे, तुझा मागचा पाय सासरी जायला तयार न्हाई. फौजींना म्हणायचे, तुमचा पाय पेन्शनवर हाय. पुढे आम्ही मोबाईलवर एकमेकांचे व्हिडिओ काढून ते सावकाश लावून बघू लागलो. ज्याची टाच टेकलेली दिसे त्याची त्या दिवशी धडगत नसे. चार वर्षांत आमचे असे कित्येक व्हिडिओ काढले गेले. मास्तरांचा एकही काढला नाही. मास्तरांचा काय काढायचा?

गेल्या वर्षी ते तिसऱ्यांदा दुसऱ्या दानच्या परीक्षेला निघाले. वय अठ्ठावन्न. "औंदा न्हाई झालं तर काठी माळ्यावर," असे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले, आणि त्यात टोमणा नव्हता. पहिल्या दानसाठी मला सोबत घेतले. माझे मिनिटभराचे दोन सामने झाले, कसे झाले ते आठवत नाही. नंतर भिंतीशी बसून मी त्यांचे बघितले. मनगटावरचा त्यांचा फटका असा स्वच्छ बसला की परीक्षकांनी मान वर केली. आणि त्याच क्षणी त्यांची डावी टाच जमिनीला टेकली. डोक्यावरचा फटका वीतभर अलीकडे पडला. दुसऱ्या सामन्यातही तसेच. चाळीस वर्षे पायमशीनच्या पायट्यावर रोवलेली टाच होती ती. यादीत माझा नंबर होता, त्यांचा नव्हता.

परतीच्या गाडीत ते एका परीक्षकाच्या लेंग्याच्या चुण्या कशा वाकड्या होत्या यावर कराडपर्यंत बोलले. कराडला चहा झाला. गाडी कडेगावच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी खिडकीकडे बघतच विचारले,

"ताई, टाच टेकली का?"

"टेकली."

"दोनी येळंला?"

"हो."

"आजच टेकली, का आदीपास्नं टेकती?"

इथे मला खोटे बोलता आले असते. दुकानात गिऱ्हाइकाला मी सहज म्हणते, काही नाही, साधे आहे, दोन दिवसांत बरे वाटेल. पण मी म्हटले, पहिल्या वर्षापासून दिसते. फौजींनाही दिसते. मुलींनाही.

त्यांनी खिडकीवरून नजर काढून माझ्याकडे बघितले.

"मी तुमाला तोंडावर बोललो," मग म्हणाले, "आन् तुमी मला मान दिला. मानानं पाय उचलत न्हाई, ताई."

मला फार लाज वाटली. गावभर माझ्या जिभेची ख्याती आहे. पानपट्टीवर त्यांच्यामागे मी ती भरपूर चालवली, आणि जिथे तिचा त्यांना उपयोग होता तिथे चार वर्षे मूग गिळून बसले. कारण काय, तर मास्तरांना कसे सांगायचे. आपल्याकडे ज्याचा आदर करायचा त्याला असेच एकटे सोडून देतात. वर स्वतःला आपण संस्कारी म्हणवून घेतो.

पुढच्या रविवारी ते येतील असे आम्हाला वाटले नव्हते. मी गेले तेव्हा त्यांनी एकट्याने निम्मी फरशी पुसून ठेवली होती. ती पूर्ण झाल्यावर ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, फौजींना समोर घेतले आणि मला म्हणाले, मागं बसा, टेकली की सांगा. मी उकिडवी बसले. त्यांनी मनगट मारले, टाच टेकली. मी फरशीकडे बघत राहिले. त्यांनी वळून नुसते बघितले. मग मी म्हटले, "टेकली." ते म्हणाले, "परत."

टेकली. परत. टेकली. त्या सकाळी हा शब्द मी किती वेळा म्हटला ते माहीत नाही. माझा आवाज बसला, त्यांचा सदरा पाठीला चिकटला, फौजींनी दोनदा पाणी मागितले. दोघी बहिणी एकदाही हसल्या नाहीत. मग एकदा त्यांनी मनगट मारले, लगेच डोके मारले, आणि मी काहीच बोलले नाही.

ते थांबले. चिडूनच वळले.

"गप का? परत मान दिला व्हय?"

"नाही मास्तर," मी म्हटले. "टेकलीच नाही."