बिनमुळाची शेवंती

धामणगाव बढ्याच्या शाळेत मी नवा मास्तर होतो आणि आमचे हेडमास्तर पुण्याकडचे होते. पुण्याहून ते दोन गोष्टी घेऊन आले होते, शुद्ध भाषा आणि बागकामाचं एक पुस्तक. गावाला दोन्हींचा उपयोग शून्य. शाळेसमोर तिरप्या विटा रोवून, त्यांना चुना फासून त्यांनी शेवंतीचा वाफा केला. केला म्हणजे करवून घेतला. घरून रोपं आणून लावणं, शेंडे खुडणं, पाणी घालणं, हे सगळं शाळेत झाडलोट करणाऱ्या बाईंचं. बौद्ध वस्तीतल्या, नवरा वारलेला, एक मुलगी, आणि नोकरी सर्वस्वी हेडमास्तरांच्या मर्जीवर.

थंडीत वाफा पांढराशुभ्र फुलला. होळीच्या सुमारास काड्या वाळल्या, तसा हेडमास्तरांनी मला हुकूम सोडला, "ही मेलेली झाडं उपटून टाका."

"वरतून वाळलं जी," बाई म्हणाल्या, "खाली जीव हाय त्याले. राहू द्या."

"त्याला म्हणावं. त्याले नव्हे," हेडमास्तर म्हणाले. विषय संपला.

मी शेतकऱ्याचा मुलगा. शेवंती दरसाल बुडातून फुटते हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी कुदळ घेतली आणि वाफा साफ केला. असा मी बाणेदार! उकिरड्यावर टाकलेली खोडं बाईंनी पदरात वेचून घरी नेली. त्यावर हेडमास्तर आणि मी दोघेही हसलो.

पुढच्या थंडीत शाळा-तपासणीचा कागद आला. वाफ्यात काय होतं? चुना लावलेल्या विटा. हेडमास्तरांचा चेहरा पडला, पण डोकं चाललं. मला म्हणाले, "त्या बाईच्या दारात फुलली आहे म्हणे. दांड्यांसकट कापून आणा आणि वाफ्यात खोचा. दोन तास टिकली की झालं."

एवढं अचाट बागकाम त्यांच्या पुस्तकातही नसावं. तपासणीच्या दिवशी सकाळीच मी कात्री घेऊन निघालो.

बाईंच्या दारात शेवंती नुसती ओसंडत होती. एरवी "अहो बाई" म्हणणारा मी त्या दिवशी "मावशी" म्हणालो. लाज अशी कामाला जुंपता येते.

"उद्या पोरीचं लगन हाय, गुरुजी," त्या म्हणाल्या. "नव्या रीतीनं. पांढरी साडी, पांढरे फुलं. त्याच्यासाठीच ठेवले."

"थोडीच नेतो," मी म्हणालो. "हेडमास्तरांनी सांगितलंय."

त्या दुसऱ्या वाक्यावर त्या दारातून बाजूला सरल्या. मग म्हणाल्या, "न्या."

थोडी नेऊन वाफा भरत नव्हता. मी सगळी नेली.

ओल्या मातीत मी एकेक दांडी खोचली. ओळ सरळ यावी म्हणून सुतळीही धरली होती. तपासणीचे साहेब आले, ओसरीवरूनच वाफ्याकडे पाहून "छान, छान" म्हणाले आणि सरपंचांकडे भरीत-भाकरी खायला गेले. पोरीच्या लग्नाची फुलं मी या दोन शब्दांसाठी कापली होती. दुपारपर्यंत सगळी ओळ माना टाकून पडली.

दुसऱ्या दिवशी मी लग्नाला गेलो. जायचं तोंड नव्हतं, पण न जाण्याचीही हिंमत नव्हती. मुलगी पांढऱ्या साडीत उभी होती. हातातला हार कागदाचा होता, पांढरा कागद बारीक कातरून केलेला.

मांडवात एकच खुर्ची होती. बाईंनी मला तिच्यावर बसवलं, चहा हातात दिला आणि व्याह्यांना कौतुकानं म्हणाल्या, "हे आमचे गुरुजी. शाळेतली शेवंती याईनंच लावली. साहेबाले लय आवडली."

त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. व्याह्यांनी मला हात जोडले. मीही जोडले, आणि चहा प्यालो.