पेनाला घागर माहीत नव्हती

त्या दुष्काळात चौसाळ्याच्या दूध सोसायटीत एक इंजिनीअर पाहुणा आला. आपलं आपणच टोचून घ्यायचं इन्सुलिनचं पेन चुकून दाबलं जाऊ नये, म्हणून तो त्याला खटका बसवत होता. साखरेचा आजार असलेल्या आम्हा बायांना त्यानं बिनसुईची, लाल पाणी भरलेली पेनं दिली आणि म्हणाला, "नेहमीसारखी जवळ बाळगा."

मी पेन कमरेला खोचून टँकरवर गेले. भरलेली घागर कमरेवर घेतली, तसा खटका सरकला आणि लुगडं लाल झालं. खरं पेन असतं तर सगळं इन्सुलिन एकदम अंगात जाऊन मी तिथंच आडवी झाले असते.

तशीच घागर घेऊन सोसायटीत त्याच्याकडे गेले. "माझंच चुकलं, सायेब. लई घाई केली मी."

त्याचे डोळे लकाकले. "चूक तुमची नाही, ताई. पेनाला घागर माहीत नव्हती."

लगेच एकामागून एक पेनं पँटीत खोचत, माझी घागर कमरेवर घेऊन तो सोसायटीच्या अंगणात फिरला. पँट लाल होईल तसा जास्तच हसायचा. शेवटी ओरडला, "सरकवायचं नाही! आधी पिळायचं, मगच दाबायचं!"

आज माझं पेन पिळल्याशिवाय दबत नाही. टँकरच्या रांगेपाशी तेव्हा कितीतरी साहेब येऊन गेले. घागर उचलून पाहिली ती त्यानं एकट्यानं.