पालेगावच्या हळदीला नाचायचं म्हणून

नृत्य ही मानवजातीची पहिली भाषा आहे, असं जाणकार सांगतात. माणूस बोलायच्या आधी नाचला म्हणे. मी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नुसतं बोलूनच भागवलं, आणि साताऱ्यात त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

तक्रार आली बदलापूरहून. माझी मुलगी मुक्ता तिथे नोकरीला आहे. तिचं लग्न अंबरनाथजवळच्या पालेगावातल्या आगरी मुलाशी ठरलं. सातारा लांब पडतं, म्हणून दोघांची हळद पालेगावातच करायची होती. फोनवर ती म्हणाली, "बाबा, यांच्या घरी हळदीला मुलीचा बाप मुलीबरोबर नाचतो. आई असती तर मी तुम्हाला विचारलंही नसतं. एकच गाणं."

तिची आई कोणाच्याही वरातीत नाचायची, ओळख असो वा नसो. मी बाजूला तिची पर्स धरून उभा राहायचो. मुक्ता आठ वर्षांची असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात पालकांना मुलांबरोबर नाचायला बोलावलं होतं. ती रांगेतून खाली येऊन माझा हात ओढत राहिली. मी पाठ धरल्याचं सांगितलं. मग ती एकटीच वर गेली आणि शेजारच्या मुलीच्या वडिलांचा हात धरून नाचली. पुढे त्याबद्दल ती कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. या वेळी मी हो म्हणालो आणि हळदीच्या आठवडाभर आधी बदलापुरात तिच्याकडे दाखल झालो.

तिने माझं नाव उल्हासनगरातल्या एका नाचाच्या क्लासमध्ये घालून ठेवलं होतं. उल्हासनगरात रस्त्याचं नाव विचारून उपयोग नसतो, कॅम्पचा (फाळणीनंतरच्या निर्वासित छावणीचा) नंबर विचारावा लागतो. क्लास एका जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वर होता. खाली शिलाईमशिनं एका लयीत चालत होती. वर आम्ही सात जण, सात लयींत. शिकवणाऱ्या काजल मॅडम सिंधी, माझ्या मुलीच्या वयाच्या. समोर भिंतभर आरसा. त्यात मी स्वतःला प्रथमच बाजूने पाहिलं आणि आजवर लोकांनी किती सभ्यपणा दाखवला होता ते कळलं.

"अंकल, पाय नका बघू. पाय कुठे पळून नाही जात."

"मॅडम, पळून जाण्याचाच विचार चाललाय."

"अरे साईं, टेन्शन मत लो! एक, दो, तीन, टाळी. आरशात बघा आणि करा."

सहा दिवस मी आरशात बघून केलं. प्रत्येक पाऊल वहीत उतरवलं, आकृत्या काढल्या. क्लासनंतर सगळी मंडळी दाल-पकवान (कुरकुरीत पुरी आणि हरभऱ्याच्या डाळीचा सिंधी नाश्ता) खायला जात. त्या बाबतीत माझी प्रगती समाधानकारक होती.

हळदीच्या दिवशी सकाळी वाटेत अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलं. काळ्या दगडातल्या नर्तकी शेकडो वर्षं एकेका मुद्रेत उभ्या आहेत. त्यांच्याकडे बघून धीर यावा अशी अपेक्षा होती. पण त्यांना पुढचं पाऊल टाकायचं नव्हतं.

पालेगावात एका बाजूला वीस मजल्यांचे मनोरे आणि त्यांच्या सावलीत मांडवाचं घर. तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी खाऊन मी मागच्या परसात गेलो, वही उघडली आणि सराव सुरू केला. तेव्हा एक घात लक्षात आला. आरशात बघून शिकल्यामुळे माझे सगळे डावे-उजवे वहीत उलटे उतरले होते, आणि परसात आरसा नव्हता.

"ओ व्याही, पाय मोजताव का नाचताव?"

नवऱ्या मुलाची आत्या, जनाबाई, उखळापाशी बसून हे सगळं पाहत होती. ती गावची धवलारीण (लग्नाचे विधी गाण्यातून लावणारी बाई). सुवासिनींची शास्त्रापुरती हळद कांडून झाली होती. पण बाजारची पूड नवरीच्या अंगाला लावायची नाही, असा तिचा नियम होता, म्हणून उरलेली हळकुंडं कांडायची होती.

मी वही मिटली. "मला जमणार नाही हो. मुलीला सांगून टाकतो. पाठ धरली म्हणून."

"धरलीय?"

"नाही."

ती हसली नाही. "पयल्यांदा धवला गायला उबी रायले, तवा माजा आवाजच फुटं ना. सगला गाव बघतंय. मंग सासूनं हातान मुसल दिलं. मोकल्या हाताचा मानूस लाजतं. या, धरा ते दुसरं. आन माज्या मुसलावर आपटू नका."

एका उखळात दोन मुसळं आळीपाळीने पडतात. तुमचं वर गेलं की दुसऱ्याचं खाली. चुकलात तर आवाज साऱ्या घराला कळतो. मी चारदा चुकलो. बायका खिडकीत जमल्या.

"सातारच्या पावन्याला कामाला लावलं ग!"

"लावू दे, हुंडा नाय घेतला आमी!"

जनाबाई गाऊ लागली. मला मुसळाशिवाय दुसरं काही दिसेना. केव्हातरी गुडघे आपोआप वाकू लागले, खांदे हलू लागले. उखळ रिकामं झालं तेव्हा दारात मुक्ता उभी होती. नाकावर उडालेली हळद पुसायला तिने मला रुमाल दिला.

ऊन उतरताना बेंजो (ढोल आणि भोंग्यांसह येणारं वाजंत्री पथक) आला. मांडवात गोल झाला आणि मुक्ताने हात पुढे केला. वहीतलं एकही पाऊल आठवेना. मग मी दोन्ही मुठी एकावर एक धरल्या आणि हवेत हळद कांडू लागलो. जनाबाई समोर येऊन दुसरं मुसळ झाली. दोन मिनिटांत मांडवातले काका-मामा ही साताऱ्याची खास पद्धत समजून कांडायला लागले. मुक्ता हसत होती, डोळे पुसत होती, आणि माझ्याबरोबर नाचत होती. एका गाण्याची आम्ही तीन केली.

लग्नानंतर परतीच्या एसटीत घाटात विचार करत होतो. भीती गेली, असं मी म्हणणार नाही. ती तिथेच होती. मांडवात जागा भरपूर होती, एवढंच. पन्नास वर्षं मला वाटत होतं, नाचायला धैर्य लागतं. लागतं ते बहुधा याहून साधं काही असावं, आणि ते वेळेवर देणारं माणूस.

तिसऱ्या गाण्यात माझा पाय मुक्ताच्या अंगठ्यावर पूर्ण वजनाने पडला. लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरी एका पायावर उभी आहे.