मयेकरांचा कान

मयेकर गेल्याची बातमी मला मयेकरांच्याच नंबरवरून आली. शुक्रवारची सकाळ होती. मी अल मवालेहच्या भाजीबाजारात मेथी निवडत होतो आणि फोनवर त्यांचं नाव दिसलं. ते रजेवर गावी, गुहागरकडे गेले होते. मला वाटलं, नेहमीसारखे मला जळवायला फोन करतायत. मी फोन उचलता उचलताच विचारलं, "काय, आंबे ठेवलेत का माझ्यासाठी?" पलीकडून त्यांची बायको बोलत होती. पहाटे छातीत दुखलं, गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं... वहिनी शांतपणे सांगत होत्या आणि मी नुसता हो हो म्हणत होतो. भाजीवाल्याने जुडी पिशवीत घालून दिली. ती मांडीवर घेऊन मी गाडीत बसून राहिलो, एसी लावायचंही सुचलं नाही. दुपारी तिकडे सगळं उरकलं. इथे मस्कतमध्ये मी भेटायला जाणार कुणाला? परमुलखात मित्र गेला की हे एक होतं, सांत्वनाला जायला घरच नसतं.

आता काही आठवडे झालेत. वहिनींना विचारूनच हे लिहितोय.

मयेकर वादी अदाईतल्या एका कंपनीत साउंडचं काम करायचे. हॉटेलातली लग्नं, शाळांची गॅदरिंग, मंडळांचे कार्यक्रम, सगळीकडे काळा शर्ट घालून कन्सोलमागे उभे. मी रुवीत इन्शुरन्सच्या ऑफिसात. बायको आणि मुलगी पुण्यात, मुलीच्या कॉलेजसाठी. इलेक्ट्रिक गिटार हा माझा जुना नाद, आणि त्या नादापायीच आमची गाठ पडली. मंडळाच्या गणपतीत मी वाजवून खाली उतरलो तर हे समोर. म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. पण माइक कोणी ठेवला हा? डास मारायचा फवारा मारल्यासारखी वाजत होती गिटार." मग मला पुन्हा स्टेजवर नेलं, स्पीकरच्या पेटीसमोरचा माइक चार बोटं बाजूला सरकवला आणि म्हणाले, वाजव. तीच गिटार, तेच हात, आणि आवाजाला एकदम अंग आलं. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ते चहा शोधायला निघून गेले होते.

त्यानंतर बहुतेक शुक्रवारी मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. माझी स्पीकरची पेटी, जिला आम्ही कॅबिनेट म्हणायचो, कायमची त्यांच्या आतल्या खोलीत गेली. चारी भिंतींना गाद्या उभ्या केलेल्या. त्या खोलीत मी गिटार घेऊन बसायचो आणि बाहेर हॉलमध्ये हेडफोन लावून मयेकर. मी दोन सूर वाजवायचे, त्यांनी बाहेरून ओरडायचं, मी माइक बोटभर हलवायचा, पुन्हा वाजवायचं. स्पीकरच्या मधोमध एक टोपी असते. माइक तिच्यासमोर आला की आवाज धारदार होतो, कडेला गेला की गोल, मऊ. ती जागा अशी असते की बोटभर इकडे-तिकडे झालं तरी गाणं बदलतं. मयेकर जागा सापडेपर्यंत सोडत नसत. एसीचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून तो बंद. जूनमध्ये, मस्कतमध्ये! मी आत घामाने निथळायचो आणि ते बाहेरून म्हणायचे, "इन्शाल्ला, अजून अर्धा तास." शेजारच्या मशिदीत अजान सुरू झाली की दोघं थांबायचो. तेवढीच मला हवा मिळायची.

हे सगळं कुणासाठी होतं, तर कुणासाठीच नाही. माझ्या चार चाली होत्या, त्या नीट रेकॉर्ड करायच्या, इतकंच. मुलीला पाठवल्या की ती अंगठा पाठवायची. आठवड्यातली तेवढी एक दुपार सोडली तर मी माझ्या फ्लॅटमध्ये स्वतःशीसुद्धा बोलत नसे. मयेकरांचंही फार वेगळं नसावं. वहिनींशी रोज बोलायचे, पण जेवलीस का, जेवले, यापुढे फोनवर काय बोलणार माणूस.

गेल्या वर्षी मला काहीतरी खटकायला लागलं. आमची नवी रेकॉर्डिंग जुन्यांपेक्षा कानाला टोचत होती. मी तारा बदलल्या, हाताला दोष दिला. मग लक्षात आलं की दर वेळी मयेकर बाहेरून "अजून मधे, अजून मधे" म्हणतायत आणि माइक सरकत सरकत पार टोपीसमोर आलाय. पूर्वी त्यांना तो आवाज मुळीच खपला नसता. मी बोललो नाही. एकदा त्यांच्या हॉलमध्ये चहा पीत होतो आणि छतावरचा धुराचा अलार्म, बॅटरी संपत आली की करतो तसा, थोड्या थोड्या वेळाने चिरकत होता. मी सहज विचारलं, या आवाजात तुम्हाला झोप कशी लागते? ते म्हणाले, "कुठल्या आवाजात?"

मी वर बोट दाखवलं. अलार्म पुन्हा चिरकला. ते माझ्याकडे बघत होते, छताकडे नाही...

मग त्यांनीच सांगितलं. वरचे, बारीक सूर जवळजवळ गेले होते. आयुष्यभर जनरेटरच्या आणि स्पीकरच्या शेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. डॉक्टरने कानात मशीन घालायला सांगितलं होतं, ते यांनी घेतलं नव्हतं. म्हणाले, "साउंडवाला बहिरा झाला असं मालकाच्या, त्या अर्बाबच्या कानावर गेलं की खलास. दुसऱ्या दिवशी तिकीट हातात. आणि गावी जाऊन करू काय मी? मला दुसरं येतं काय?" मयेकर घाबरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मी म्हटलं, तुम्ही हलवा, मी ऐकतो. ते लगेच म्हणाले, "शोलाही येशील?" मी हो म्हणालो.

तेव्हापासून मी त्यांच्या कार्यक्रमांना मित्र म्हणून जायचो आणि कन्सोलपाशी रेंगाळायचो. आवाज टोचला की मी शर्टाची बाही दुमडायची, ते वरचे सूर उतरवायचे. कुणाला कधी कळलं नाही. त्यांची नोकरी शेवटपर्यंत टिकली. आता हे लिहायला हरकत नाही, त्यांच्या हातात कोणी तिकीट देऊ शकत नाही.

घरीही आमच्या जागा बदलल्या. आता मी हॉलमध्ये गिटार आणि हेडफोन घेऊन बसायचो आणि मयेकर आत, स्पीकरसमोर पाटावर, साइटवरचे पिवळे कर्णरक्षक लावून. ओरडून त्यांना काही ऐकू जाणार नव्हतं, म्हणून त्यांनीच युक्ती काढली. मी वाजवत राहायचं, त्यांनी माइक हळूहळू सरकवत राहायचा. जागा सापडली की मी वाजवणं थांबवायचं. मी थांबलो की ते थांबणार. अख्खी हयात ज्या कानावर काढली तो कान त्यांनी असा मुकाट्याने माझ्या हाती दिला. मला त्याचं ओझं वाटायचं आणि, खरं सांगतो, अभिमानही.

त्यांचे माइक वहिनींनी मलाच ठेवून घ्यायला सांगितले. कॅबिनेट मी माझ्या घरी आणली, गाद्या उभ्या केल्या. पण हे काम एकट्याचं नाहीच. बाहेर वाजवायचं, उठून आत जायचं, माइक बोटभर हलवायचा, परत यायचं. परत येईपर्यंत आधीचा आवाज कसा होता हेच आठवत नाही. दोन खोल्यांत मी एकटा येरझाऱ्या घालतो आणि शेवटी सगळं बंद करून एसी लावतो. घर तेव्हा फार मोठं वाटतं.

परवा त्यांच्या रजेआधीचं शेवटचं रेकॉर्डिंग उघडलं. चाल पुरी करावी, म्हटलं. मयेकर कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू करूनच आत जायचे, त्यामुळे माइक हलवतानाचंही सगळं त्यात उतरलेलं असायचं. एरवी आम्ही तो भाग न ऐकताच कापून टाकायचो. मी ऐकू लागलो. माझी गिटार वाजतेय, सूर हळूहळू गोल होतायत, आणि मग मधेच ती थांबते. मला आठवलं. तेव्हा पुण्याहून मुलीचा फोन आला होता, म्हणून मी थांबलो होतो. हेडफोन काढून बाल्कनीत गेलो होतो. जागा वगैरे काही सापडली नव्हती.

आत मयेकरांना हे कुठून कळणार. माइकमध्ये त्यांचा श्वास ऐकू येतो. मग त्यांचा आवाज, अगदी जवळून: "हीच ना?" थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा त्यांचाच आवाज, स्वतःशी बोलल्यासारखा: "हीच असणार. तू थांबलास म्हणजे हीच."

रिकाम्या हॉलमध्ये हेडफोन लावून मी मोठ्याने म्हणालो, "हो मयेकर, हीच."

आणि त्यांनी स्टँडचा स्क्रू आवळला.